गुरुवारचा धूर

आमच्या घरात एका शब्दाची दहशत होती. तो शब्द म्हणजे 'दाखव'. मागच्या गल्लीतल्या चिंचेवर हडळ राहते, अशी बातमी मी लहानपणी धापा टाकत आणली, तेव्हा अण्णांनी चहाची बशी खाली न ठेवता विचारलं, कुठंय, दाखव. गणिताचा पेपर अवघड होता म्हटलं की दाखव. पोटात दुखतंय म्हटलं तरी, कुठं ते दाखव. माझे वडील, म्हणजे अण्णा, वीज मंडळात मीटर तपासनीस होते. चोरून वीज वापरणाऱ्यांच्या घरी जायचं, मीटरसमोर स्टूल टाकून बसायचं आणि घरातला एकेक दिवा बंद करायला लावून चोरी कुठं आहे ते हुडकायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे माणसाच्या बोलण्यावरून त्यांचा विश्वास तरुणपणीच उडाला होता. त्यात आमचं घर बौद्ध. भिंतीवर बाबासाहेब, कपाटावर बुद्धाची पितळी मूर्ती, आणि नवस, पत्रिका, मुहूर्त, अंगारा-धुपारा या मंडळींना घरात तर नाहीच, दाराबाहेर चपलांजवळसुद्धा जागा नव्हती.

उस्मानपुऱ्यातल्या एका आतल्या गल्लीत आमच्या दोन खोल्या आणि वर गच्ची. संध्याकाळी त्या गल्लीचे आवाज ठरलेले असायचे. आधी अजान, मग शेजारच्या देशमुख काकूंची घंटा, मग कोपऱ्यावर रिक्षावाल्यांची वादावादी, आणि या सगळ्याखाली आईच्या भाकरी थापण्याचा ठेका. आई भाकरी थापायची तेव्हा परातीखालची फरशी वाजायची, आणि पिठलं शिजत आलं की त्याचा बुडबुडा फुटल्याचा आवाजसुद्धा आम्हाला बाहेरच्या खोलीत कळायचा. अण्णा जेवताना दिवसभरातली मीटर रीडिंग तोंडातल्या तोंडात म्हणत राहायचे. आई म्हणायची, ह्यांना कालवणाची चव विचारली तरी युनिटमध्ये सांगतील. मला आजही ठेच्याचा वास आला की पाठोपाठ कानात आकडे ऐकू येतात.

गच्चीचा कठडा आमचा आणि देशमुखांचा मिळून एकच होता. काकूंची अजिंठ्याकडं चांगली जमीन होती, ती वाट्यानं दिलेली. काकांची नोकरी शहरात, म्हणून बिऱ्हाड इथं. सुरुवातीला काकू आमच्याकडचं पाणी पीत नसत. पुढं आईचा लसणाचा ठेचा कठड्यावरून पलीकडं जायला लागला आणि पाण्याचा मुद्दा आपोआप मागं पडला, कारण तो ठेचा खाल्ल्यावर कुणाच्या का हातचं असेना, पाणी लागतंच. काकूंची वैशाली माझ्याच वयाची. आम्ही दोघी त्या कठड्यावर बसून पाय हलवत गल्लीतल्या प्रत्येकाची नक्कल करायचो, त्यात अण्णाही आले आणि काकूही. वैशालीला लग्नाची हौस होती आणि ती ते लपवत नव्हती. अडचण एकच, तिच्या पत्रिकेत गुरुबळ नव्हतं. शास्त्रीबुवांनी सांगून टाकलं होतं की गुरु पुढच्या राशीत सरकल्याशिवाय हालचाल करू नका, आणि काकू रोज संध्याकाळी आभाळाकडं अशा बघायच्या, जणू सरकारी कचेरीतला साहेब जेवायला गेलाय आणि येतच नाही.

मी तेव्हा एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि एका वेगळ्याच गुरूच्या नादाला लागले होते. आमचे कुरेशी सर एक दिवस वर्गात आले ते पेटलेलेच. दूरच्या एका ताऱ्याभोवती एक ग्रह सापडलाय, आपल्या गुरूएवढा अजस्र, पण आपला गुरु सूर्याभोवती एक फेरी मारायला बारा वर्षं घेतो आणि हा पठ्ठ्या साडेतीन दिवसांत मारतो. इतका जवळून की पार भाजून निघालेला. तोवर सगळ्यांची समजूत अशी की मोठे ग्रह थंडीत, लांब राहतात. सर म्हणाले, "इसने पूरा टाइमटेबल बिगाड दिया." हा ग्रह कुणाला दिसत नव्हता, पण फिरता फिरता तो आपल्या ताऱ्याच्या तोंडासमोरून जायचा, आणि तेवढे तीन तास ताऱ्याचा उजेड शंभराला दीडानं कमी व्हायचा. बस्स, एवढाच पुरावा. सरांनी कुठून कुठून खटपट करून कॉलेजसाठी उजेड मोजायचा एक डबा मिळवला होता. तो दुर्बिणीच्या मागं लावला की ताऱ्याचा उजेड लाल आकड्यांत दिसायचा. आपल्या ताऱ्याचा आकडा घ्यायचा, मग त्याच्या शेजारच्या साध्या ताऱ्याचा, मग पुन्हा आपल्याचा. शेजारचा का, तर हवाच धुरकट झाली असेल तर दोघांचेही आकडे पडतील आणि आपण फसणार नाही. कॉलेजची गच्ची संध्याकाळी कुलूपबंद, म्हणून सरांनी दुर्बीण, डबा, सगळा संसार रिक्षात घालून आमच्या घरी पाठवला.

आता माझं गाडं कुठं अडलं होतं ते सांगते. सरांचं म्हणणं होतं, उजेडात पडणारा हा खड्डा तू स्वतः मोजून कागदावर काढलास तर पुण्याच्या संशोधन संस्थेत तुझा अर्ज मी उचलून धरतो. अण्णांचं म्हणणं होतं, बी.एड. कर, शिक्षिका हो, पायाखाली जमीन घे. आमच्या घराण्यात एम.एस्सी.पर्यंत पोचलेली मी पहिली, आणि पहिल्या माणसानं पडायचं नसतं असं त्यांना मनापासून वाटायचं. ते काही चुकीचं नव्हतं. मी खूप बोलले, रडलेसुद्धा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कुणाला दिसत नाय, तुला दिसत नाय, आणि त्याच्यापायी तू जलम घालणार. मग देशमुखांच्या शास्त्रीबुवात आन् तुझ्यात फरक काय? दाखव मला. दाखवलास तर जा पुण्याला." मला इतका राग आला की मी त्या रात्री जेवले नाही. आई ताट झाकून ठेवून म्हणाली, उपाशी राहून ग्रह लवकर येत असेल तर ऱ्हा.

हिशेब केला तेव्हा मजा दिसली. साडेतीनच्या दोन फेऱ्या म्हणजे सात दिवस, त्यामुळे हा ग्रह आमच्या संध्याकाळी यायचा तो दर आठवड्याला एकाच वारी, फक्त दरवेळी तासाभरानं उशिरा. आणि तो वार निघाला गुरुवार. तोही मार्गशीर्षातला, जेव्हा अर्धी गल्ली कलश मांडून बसलेली असते. हे कळल्यावर गप्प बसणं माझ्या स्वभावात नव्हतं. मी आणि वैशाली कठड्यावर बसलेलो, काकू टाकीजवळ मिरच्या गोळा करत होत्या, आणि त्यांनी आपणहून विचारलं, काय गं सुजाता, हा भोंगा कशाला आणलाय वर. मी चेहरा अगदी गंभीर केला. म्हटलं, काकू, तुमचा गुरु बारा वर्षांत फेरी मारतो, म्हणून वैशालीचं अडलंय. माझा गुरु साडेतीन दिवसांत मारतो. दर गुरुवारी संध्याकाळी बरोबर आपल्या सूर्यासमोर येऊन उभा राहतो. काकूंच्या हातातल्या मिरच्या तशाच राहिल्या. त्यांनी विचारलं, कुठल्या बाजूला. मी बोट केलं, तुमच्या पाण्याच्या टाकीच्या वर, मावळतीकडं. वेळही सांगितली. वैशाली तोंडात ओढणी कोंबून बसली होती. माझं म्हणाल तर मी एकही शब्द खोटा बोलले नव्हते, आणि त्याचाच मला जास्त आनंद झाला होता.

पहिल्या गुरुवारी आमच्या गच्चीवर मी एकटीच होते. थंडी बरीच होती, सर्दीनं नाक बंद, आणि डोळे लाल आकड्यांवरून हलत नव्हते. शेजारच्या ताऱ्याकडं दुर्बीण फिरवायची, परत आणायची, या खेपांना मी थोड्याच वेळात कंटाळले आणि तो शेजारी सोडूनच दिला; आपल्याच ताऱ्याला धरून बसले. आणि काय सांगू, ठरल्या वेळी आकडे पडायला लागले. थोडेथोडके नाहीत, धडाधड. मी तो खड्डा कागदावर उतरवला, आणि त्याचा तळ पहिल्या पानावर मावेना म्हणून खाली दुसरा कागद चिकटवला. सकाळी मी तो दोन मजली आलेख घेऊन सायकलनं कॉलेजात पोचले. सरांनी चष्मा वर सरकवला, खाली आणला, कागद उलटा धरून पाहिला. मग फार मायेनं म्हणाले, "बेटा, ये ग्रह नहीं है. ये परदा है." एवढा उजेड अडवायचा तर ग्रह ताऱ्याच्या निम्म्याएवढा हवा. वेळ मात्र अचूक होती, आणि त्यामुळेच तेही चक्रावले. म्हणाले, पुढचा गुरुवार शेवटचा. त्यानंतर तारा इतका खाली उतरेल की काही हाती लागणार नाही. यावेळी शेजाऱ्याला सोडू नकोस.

मी घरी येऊन पडले. मला खरंच वाटलं होतं की मी जिंकले. संध्याकाळी अण्णांनी विचारलं नाही, पण जेवताना त्यांनी आकडे म्हटले नाहीत, त्यावरून त्यांना कळलंय हे मला कळलं. मग हात धुताना म्हणाले, येत्या गुरुवारी रीडिंग मी घेतो. तू दुर्बीण सांभाळ. तुला पाहिजे तेच तुला दिसतंय.

तर त्या दुसऱ्या गुरुवारी आमच्या गच्चीवर पूर्ण दरबार भरला. अण्णा कानटोपी घालून, ऑफिसातलं स्टूल नव्हतं म्हणून पाटावर, लाल आकड्यांसमोर. आई मांडीवर पाटी घेऊन लिहायला, बॅटरीला लाल कागद बांधलेला. मी दुर्बिणीपाशी. अण्णा आकडे म्हणायला लागले आणि मला हसू आवरेना, कारण तो थेट जेवणातलाच सूर होता. आपला, शेजारचा, आपला, शेजारचा. सगळं सरळ चाललं होतं. ग्रहाची वेळ व्हायला अजून थोडा अवकाश होता. तेवढ्यात अण्णांचा आवाज अडखळला. आकडा घसरला, पुन्हा घसरला, मग थोडा वर आला आणि आपटला. शेजारच्या ताऱ्याचाही तसाच. आईनं पेन्सिल थांबवली, नाक वर केलं आणि म्हणाली, "ऊद जळतोय कुठंतरी."

आम्ही तिघांनी कठड्यावरून पलीकडं पाहिलं. टाकीच्या पायाशी काकू बसलेल्या. डोक्यावरून पदर, समोर धुपाटणं, त्यात गोवरीचे निखारे, आणि हातानं त्या ऊद घालत होत्या तो थेट मावळतीकडं तोंड करून, मी दाखवलेल्या जागेकडं. वारा पडलेला होता. धुराची सरळ काठी वर चढून आमच्या ताऱ्याला झाकत होती. बाजूला वैशाली हात जोडून, आणि हसू दाबून दाबून तिचे खांदे हलत होते. अण्णांनी विचारलं, वहिनी, हे काय. काकू म्हणाल्या, "तुमच्याच पोरीनं सांगितलं की भाऊ. तुमचा गुरु लवकर पावतो म्हणं. मागच्या गुरुवारी धूप घातला आन् चौथ्या दिवशी वैशालीला स्थळ आलं. आता कशी सोडू?"

अण्णा माझ्याकडं वळले. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता ते बरं झालं. मागच्या गुरुवारचा माझा दोन मजली खड्डा कुठून आला हे मला एका क्षणात कळलं. वेळ अचूक का होती तेही. वेळ मीच दिली होती. आणि तरीही, माझी खोड बघा, माझ्या तोंडात दुसरी थाप तयार होती. हा गुरु आधीच भाजलेला आहे काकू, त्याला धूर नको, गार दहीभात ठेवा, असं म्हणायला मी तोंड उघडलंसुद्धा होतं. अण्णा इतकंच म्हणाले, "सांगू नको. दाखव त्यांना."

मग काकूंना कठडा ओलांडवून आणलं, ते एक वेगळंच प्रकरण झालं. आईनं हात धरला आणि वैशालीनं मागून लोटलं. मी त्यांना लाल आकड्यांसमोर बसवलं. वैशालीला पलीकडं धुरावर ओढणीनं वारा घालायला लावलं. धूर बाजूला गेला, आकडा वर आला. वारा थांबला, आकडा पडला. काकूंनी डोळे बारीक केले. पुन्हा कर गं, म्हणाल्या. पुन्हा. आणखी एकदा. त्यांना त्याची इतकी गंमत वाटायला लागली की मी घड्याळाकडं बघून मनातल्या मनात रडकुंडीला आले. शेवटी त्या म्हणाल्या, "म्हंजे त्यो यायचा आन् मीच त्याला झाकायची व्हय?" मी म्हटलं, व्हय काकू. आणि त्यानं लग्न जमत नाही काकू, तो तिकडं आपला फिरतोय, त्याला आपण ठाऊकसुद्धा नाही. काकूंनी पलीकडच्या निखाऱ्यांकडं पाहिलं. मग म्हणाल्या, ते असूंदे. पण पोरीच्या नावानं घातलेला धूप इझवायचा नसतो. तो मी इझवणार नाय.

खाली त्यांच्या अंगणात न्यावा तर ते अंगणही मावळतीला, धूर पुन्हा तिथंच चढणार. उगवतीला तोंड होतं ते फक्त आमच्या दाराला. हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. अण्णा उठले. कानटोपी सारखी केली. कठड्यावरून वाकून त्यांनी ते धुपाटणं उचललं, हात भाजला तसं दुसऱ्या हातात घेतलं, आणि जिन्यानं खाली निघाले. चाळीस वर्षांत ज्या माणसानं उदबत्तीची काडी हातात धरली नव्हती, तो देशमुखांचा धूप घेऊन आमच्या दोन्ही खोल्यांतून बुद्धासमोरून, बाबासाहेबांसमोरून चालत गेला आणि दाराबाहेर चपलांजवळ ठेवून आला. वर आल्यावर पाटावर बसत म्हणाले, "चल. वेळ झाली तुझी."

त्यानंतर बराच वेळ गच्चीवर फक्त अण्णांचा आवाज होता. आपला, शेजारचा. आई लिहीत होती, मी आपल्याच्या आकड्याला शेजारच्यानं भागून लाल उजेडात कागदावर ठिपके देत होते. ठिपके शहाण्यासारखे रांगेत बसत नव्हते, वरखाली उड्या मारत होते. मग हळूहळू, कुणी हळूच हात धरून खाली बसवावं तसे ते थोडे खाली आले आणि तिथंच राहिले. शेजारच्याचे आकडे जागेवर, आपल्याचेच खाली. मला पाहिजे तेच मला दिसतंय हे वाक्य मला पक्कं लागलं होतं. कागद मी अण्णांपुढं धरला. त्यांनी आईच्या हातातली बॅटरी घेतली, ठिपक्यांवरून बोट फिरवलं, पुन्हा मागं जाऊन फिरवलं. आई म्हणाली, काय ते बोला की. अण्णा ऑफिसच्या आवाजात म्हणाले, "चोरी पक्की हाय." आई म्हणाली, आन् चोर? "चोर दिसला नाय," अण्णा म्हणाले, "पण शंभरातला दीड कुणीतरी खातंय. बॅग भर तिची."

मी रडले. आधी रागानं रडले होते, आता सुखानं, आणि काकूंनी स्थळ जमल्यासारखं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

वैशालीचं लग्न त्याच स्थळाशी झालं आणि छान झालं. पंगतीत काकूंनी भेटेल त्याला सांगितलं की आमचं जमलं ते सुजाताच्या गुरूमुळं. त्यानं अण्णांचं जगणं अवघड झालं. मी पुण्याला गेले आणि इकडं औरंगपुऱ्यापासूनच्या आया आमच्या दाराशी येऊन पुढच्या गुरुवारची वेळ विचारू लागल्या. अण्णा त्यांना शास्त्रीय दृष्टिकोनावर भाषण द्यायचे. त्या शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि भाषण संपलं की पुन्हा वेळ विचारायच्या. हे मला आई फोनवर सांगायची आणि मी हॉस्टेलच्या जिन्यात बसून पोट धरून हसायचे. आता पन्नाशी जवळ आली. शहराच्या पाटीवर दुसरं नाव आलं, माझ्या तोंडात अजून दोन्ही नावं येतात. माझं सगळं आयुष्य अशाच भाजक्या ग्रहांची हवा तपासण्यात गेलं. त्या ग्रहाच्या हवेत सोडियम आहे आणि त्याची हवा त्याच्या ताऱ्याच्या आचेनं उडून चाललीय, हे आता आम्हाला ठाऊक आहे. त्याला अजूनही मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

पुण्याला असताना दर रविवारी अण्णांचा फोन यायचा. जेवलीस का, पैसे आहेत का, आणि शेवटी, आवाज जरा खाली करून, तुझ्या त्या ग्रहाची वेळ सांग. मला वाटायचं, दाराशी येणाऱ्या बायांपुढं हार मानली त्यांनी. मी चिडवायचेही, काय अण्णा, शास्त्रीबुवांचा धंदा बसवता काय. ते हसायचे आणि वेळ लिहून घ्यायचे. अण्णा गेल्यावर एकदा मी आणि आई गच्चीवर बसलो होतो. टाकी तीच, कठडा तोच. मी तिला विचारलं, बायांना वेळ सांगायचे का गं ते शेवटी. आई म्हणाली, कुण्या बायाला नाय सांगितली कधी. त्या वेळेला कानटोपी घालायचे आन् टाकीत पाणी बघून येतो म्हणून वर यायचे. इथंच बसायचे, तिकडं तोंड करून. मी विचारायची, काय दिसतं हो. म्हणायचे, काय दिसत नाय, पण आत्ता पोरगी पुण्यात त्याच्याकडंच बघत आसंल.